आंब्याखालचं खाचर

जनी : दादा, हात सोडू नको हां! माझा पाय कुठं पडलाय तेच मला दिसत नाय.

नवसू : धरलाय ना. खाली नको बघू, समोर बघ.

जनी : समोर बघितलं तर तळच दिसत नाय. किती खाली चाललाय हा सरकता जिना? इहिरीत उतरतोय का काय आपण?

ऋतिक : आत्या, आता जिना संपला. एक पाय पुढं टाक. अजून एक. हां, उतरलीस बघ!

जनी : उतरले? आई गो. चपला दोन्ही हायेत ना पायात?

ऋतिक : हायेत, हायेत. तुझ्या पुढं ती मॅडम हसत होती, बघितलं नाय तू.

जनी : हसू दे. तिला म्हणावं, ये आमच्या सिद्धगडाच्या वाटेला, मग मी हसते. आणि तू रे मोठा साहेब, सख्ख्या आत्याची काडीपेटी काढून घेतलीस! भाऊबीजेच्या दिवशी कुणी काडीपेटी काढून घेतं का?

ऋतिक : रूल आहे आत्या. बॅगा तपासायच्या मशीनवर मीच उभा होतो, मीच सोडली तर बाकीच्यांना काय सांगू? आगीचं काय खाली आणायचं नाय. जाताना परत देतो तुला. ड्युटी सुटलीच आता माझी. तुला मेट्रोची गाडी दाखवतो, मग रूमवर जाऊ, तिथं ओवाळ दोघांना.

जनी : ताट हाय, निरांजन हाय, कुंकू हाय. तांदूळ तेवढा मी आणला नाय.

ऋतिक : रूमवर आहे ना तांदूळ.

जनी : ह्या! रूमवरचा कशाला? तुझा बाप काय उगाच पिशवी वागवतोय काय? दरसाल भाऊबीजेला तो आंब्याखालच्या खाचरातला नवा तांदूळ घेऊन येतो. त्यातले चार दाणे त्याच्या कपाळाला, मग चिमूटभर माझ्या देवाला, मग आमच्या तोंडात. तोवर आमच्या घरात नवं कुणी खात नाय. माझा नवरा लय कुरकुरतो, बोलतो आपल्या शेतातलं भात कापून पडलंय आणि तू भावाची वाट बघत बसलीस.

ऋतिक : काका कुरकुरतात? खरं वाटत नाय.

जनी : कुरकुरतो तर. होय ना रे दादा?

नवसू : ऋतिक, इथं संडास कुठाय रे?

ऋतिक : वर, तिकीट खिडकीच्या बाजूला. आताच तर आपण तिथून आलो ना बाबा.

नवसू : येतो मी जाऊन. तुमी बसा. जने, पिशवी धर.

जनी : दे. लहानपणापासून असाच हा. जत्रेला निघालो की बैलगाडी जुंपल्यावर याला आठवायचं. बस रे बाळा तू. किती गार हाय इथं! बाहेर ऊन रणरणतंय आणि इथं अंगावर काटा येतोय.

ऋतिक : एसी आहे पूर्ण. बारा महिने असंच. समोर ती काच दिसते ना, तिच्या पलीकडून गाडी येते. गाडी थांबली की काचेची दारं उघडतात. कुणी खाली पडायला नको म्हणून.

जनी : आणि वर काय हाय? आपल्या डोक्यावर?

ऋतिक : वर रस्ता. रस्त्यावर गाड्या, बाजूला बिल्डिंगा.

जनी : बिल्डिंगा! अरे, मग हे सगळं धरलंय कुणी? नको सांगू. मला बसू दे गप. तुझी आजी असती ना, पदर तोंडाला लावून रडली असती. नातू असल्या ठिकाणी कामाला, डोक्यावर टोपी, छातीला पाटी. भिमी म्हातारीचा नातू बोलून पाड्यात सांगत सुटली असती.

ऋतिक : बस आता आत्या.

जनी : एक इचारू का? हसायचं नाय.

ऋतिक : नाय हसत.

जनी : आमच्याकडं इहीर खणली तर काठाला मातीची टेकडी होते. साधी इहीर. हे तर सगळं गाव मावंल एवढं खणलंय. मग इथली माती कुठं टाकली असंल रे?

ऋतिक : तुला नाय माहीत?

जनी : मला कसं माहीत? समुद्रात टाकली काय?

ऋतिक : आपल्याकडंच आली की आत्या! मी इथं सगळ्या पोरांना सांगतो, बोलतो तुमचं हे स्टेशन आमच्या शेतात आहे. कुणाला खरं वाटत नाय. मी दहावीला होतो तेव्हा, हायवेवरून डंपर यायचे एकामागं एक. काळी खडी, चिकट चिखलाची रबडी, मोठाले दगड. आपल्या तानसा धरणाचं पाणी या मुंबईला, मुंबईचे दगड आपल्याला.

जनी : आपल्या म्हणजे कुणाच्या शेतात?

ऋतिक : आपल्याच. हायवेच्या बाजूला, पाड्याच्या मागं नाय का? आंब्याखालच्या.

जनी : आंब्याखालच्या खाचरात?

ऋतिक : हां. आत्या, काय झालं? पाणी देऊ?

जनी : नको. किती भागात टाकली? कोपऱ्यात कुठंतरी?

ऋतिक : कोपऱ्यात कसली, पूर्ण... आत्या, बाबा येऊ देत, मग बोलू.

जनी : आणि आंबा?

ऋतिक : आंबा वाळला ग. अर्ध्या बुंध्यापर्यंत भराव आला होता. मागल्या साली तोडला. तुला बाबा बोलले नाय? मला वाटलं तुला सगळं माहीत आहे. तुझंच माहेर.

जनी : मला पण वाटायचं मला सगळं माहीत हाय. रितिक, ही पिशवी उघड. उघड ना. हा तांदूळ कशातला हाय मग?

ऋतिक : मला काय माहीत? बाबांनी आणलाय.

जनी : तू शेतकऱ्याच्या पोटी जन्मलास. बघ हातात घेऊन.

ऋतिक : पॉलिश मारलेला आहे.

जनी : आपलं भात कसं असायचं? लाल कड दिसायची दाण्याला. दोन-तीन वर्षं मी बघतेय, दाणा कसा पांढराफेक झालाय. आणि मी येडी, मी शेजारणीला काय सांगायची ठाव हाय? माझ्या भावानं गिरणी बदलली! आमच्या मायेरच्या बाजूला नवीन गिरणी आली, लय बारीक काढते! मलाच मी समजावत होते रे.

ऋतिक : आत्या, आवाज... लोक बघतायत.

जनी : बघू दे. हा आला बघ तुझा बाप. ये दादा, ये. बस इथं.

नवसू : काय झालं? असे का बसलाय? गाडी नाय आली का अजून?

जनी : तीन आल्या नि गेल्या. दादा, यंदा भात कसं झालं आंब्याखालच्या खाचरात?

नवसू : झालं ना. पाऊस लांबला जरा, पण झालं.

जनी : लोंबी कशी होती?

नवसू : बरी होती. हळवं होतं ना, दसऱ्यालाच पिवळं पडलं.

जनी : कापायला कोण कोण होतं?

नवसू : आमीच. ऋतिकची आई होती, शेजारच्या धाऊची सून होती. चला, ऋतिकची रूम लांब हाय.

ऋतिक : बाबा, गप बसा ना! मी सांगितलंय तिला. तिला माहीत नाय हे मला काय माहीत?

नवसू : काय सांगितलंस?

जनी : हे सांगितलं. ही भिंत, हा जिना, ही बसलोय ती जागा. हे सगळं जिथं नेऊन ओतलं, ती जागा सांगितली. धाऊची सून होती काय कापायला? काय कापलं तिनं, खडी?

नवसू : जने, ऐक.

जनी : मागल्या होळीला मी आले होते. बोलले, जरा खाचर बघून येते, आईच्या हातचा बांध बघून येते. तू काय बोललास? बांधावर आग्या मोहोळ बसलंय, नको जाऊ. त्याच्या आधी आईच्या वर्षश्राद्धाला आले, तवापण आग्या मोहोळ. मी तुझ्या बायकोला बोलले, काय गो वैनी, या माश्यांना दुसरं झाड नाय का? ती चुलीत तोंड घालून हसली. तिलापण ठाव होतं. सगळ्या पाड्याला ठाव होतं. मला एकलीला नाय.

नवसू : मी सांगणार होतो.

जनी : कवा? मी मेल्यावर?

नवसू : दरसाल सांगणार होतो. तू ताट घेऊन समोर आलीस की मी आपला पिशवी पुढं करायचो. चूक झाली माझी. पण मी काय चैनीला दिलं नाय शेत. तो डंपरवाला शेठ आला, बोलला खाचर खोलगट हाय, फक्त भरून देतो, वर चांगली माती टाकून लेव्हल करतो, दोन वर्षांनी सोन्यासारखं पिकंल. मला काय माहीत तो वर माती टाकायला येणारच नाय? आणि बोलला, तुझं पोरगं मोठं झालं की त्याला मेट्रोतच चिकटवतो. तेवढा शब्द मात्र त्यानं पाळला.

ऋतिक : थांबा. कुणाला चिकटवतो?

नवसू : तुला. दुसरं कोण हाय मला?

ऋतिक : मी इंटरव्ह्यू दिला होता बाबा. ग्राउंड मारलं, धावलो. पहिल्या पाचात होतो मी.

नवसू : होतास ना. तू धावलासच. नुसतं नाव पुढं सरकवलं त्यानं.

ऋतिक : म्हणजे मी ज्या पोरांना बोलतो, मेरिटवर लागलोय... वा बाबा. मला पण नाय सांगितलंत.

नवसू : सांगून काय झालं असतं? सोडली असतीस नोकरी? गावात काय हाय तुझ्यासाठी? आपल्या पाड्यातली सगळी पोरं आसनगावला जाऊन नाक्यावर उभी असतात, आज काम मिळंल, उद्या मिळंल. मला तुला तसं उभं नव्हतं बघायचं. बाप हाय मी. जने, तू सांग, तुझ्या पोरासाठी तू नसतंस केलं?

जनी : केलं असतं.

नवसू : मग?

जनी : मग काय मग? मला इचारलं असतंस! सातबाऱ्यावरचं नाव मी काढलं, ते कुणी जबरदस्ती केली म्हणून नाय. आईचं बारावं झालं आणि मी बोलले, दादा, मला शेत नको, तुझी लेकरं खाऊ देत. मला एकच पायजे. दरसाल पयलं नवं माझ्या देवाला आण. आईनं ज्या खाचरात जलमभर पाय कुजवले तिथलं मूठभर. तू आईच्या फोटोवर हात ठेवून बोललास, मी मरंतोवर आणीन. दुसरं काय मागितलं मी? लुगडं मागितलं? पाटल्या मागितल्या?

नवसू : आणला ना मी. एक साल चुकवलं नाय. कोविडात रस्ते बंद होते तवा डोंगरातनं चालत आलो, आठव.

जनी : आठवते ना! तुझे पाय धुतले मी. फोड आले होते. मी पाय धुताना रडले, बोलले, असा भाऊ कुणाला हाय? आणि तू वरनं माझ्या डोक्यावर हात फिरवत होतास. कशातला आणला होतास तवा?

नवसू : नवाच होता. देवाला शिळं कधी आणलं नाय मी.

जनी : कशातला?

नवसू : धाऊच्या.

जनी : धाऊच्या?

नवसू : त्याचं खाचर आपल्या शेजारीच. तीच माती, तेच पाणी. मला वाटलं, देवाला काय फरक पडतोय. मागली दोन-तीन सालं त्याचं भात पावसानं भिजलं, काळं पडलं, म्हणून दुकानातला घ्यावा लागला. पण महागातला घेतला.

जनी : धाऊनं आईला त्या बांधावर ढकलली होती दादा. तुझ्यादेखत. खोपडीला टाके पडले होते तिच्या. मरंतोवर तिनं त्याच्या दारात पाऊल टाकलं नाय. त्याच्या शेतातला तांदूळ मी देवघरातल्या आईच्या टाकापुढं ठेवला? खा गो आई, तुझ्या खाचरातला हाय, असं बोलून? माझ्या लेकीच्या, भूमीच्या लग्नात मामाच्या घरचा तांदूळ बोलून साऱ्या मांडवात अक्षता वाटल्या मी. धाऊच्या?

नवसू : ते जुनं झालं आता. धाऊ पण म्हातारा झाला.

जनी : तुला जुनं झालं. मला आज सगळं नवीन कळतंय.

ऋतिक : आत्या, पाणी पी जरा. प्लीज.

जनी : तू नको घाबरू रे बाळा. तुझी काय चूक नाय. तुझी नोकरी तुला लखलाभ, माझा आशीर्वाद हाय. तू बोललास म्हणून तरी कळलं. दादा, तू इकडं बघ. मी काय बोलते ते ऐक. शेत गेलं त्याचं मला वाईट वाटलं असतं. दोन दिवस जेवले नसते, चार शिव्या घातल्या असत्या तुला. मग बोलले असते, जाऊ दे, पोरगं मार्गी लागलं. तू रिकाम्या हातानं आला असतास आणि बोलला असतास जने, खाचर गेलं, तर मी माझ्या घरातला तांदूळ काढून तुझ्या कपाळाला लावला असता. रिकाम्या हाताच्या भावाला बहीण ओवाळत नाय काय? पण तू मला खोटं खाऊ घातलंस. दरसाल. हसत हसत.

नवसू : भीती वाटली ग.

जनी : कशाची?

नवसू : तू आईसारखी बघशील त्याची. आता बघतेस तशी.

जनी : नवऱ्यानं फसवलं असतं तर मी मायेरी येऊन रडले असते. आता तूच फसवलंस. मी कुणाच्या दारात जाऊन रडू, सांग ना? आई नाय, बा नाय. आंबा होता, तो पण नाय. आता तुझ्या घरी आले तरी डोळ्यापुढं तो ढीगच येणार.

नवसू : मी काय करू आता? बोल ना. पाया पडू?

जनी : मोठा भाऊ हायस, पाया कसला पडतोस? लोक काय बोलतील. उठ. रितिक, मला वर ने.

ऋतिक : गाडी बघायची नाय तुला? ही बघ येतेय. दोन मिनटं.

जनी : बघितली. एवढीशी गाडी ती, आणि तिच्यासाठी केवढी माती काढली. चल. मला कल्याणला सोड, तिथून मुरबाडची एसटी मिळंल.

नवसू : रूमवर नाय येणार? ऋतिकनं मटार आणून ठेवलाय, श्रीखंड आणलंय.

जनी : पोट भरलंय माझं.

ऋतिक : आत्या, हात दे. जिन्यावर पाय ठेवताना धरतो.

जनी : नको. उतरताना धरला होता, बस झालं. मी कठडा धरीन. पिशवी तेवढी घे, माझ्याकडं नको ती.

(तिघं वर येतात. बॅगा तपासायच्या मशीनजवळ ऋतिक खणातून काडीपेटी काढतो.)

ऋतिक : ही घे तुझी काडीपेटी. सांभाळून ठेवली होती.

जनी : ठेव पिशवीत. नाय, दे इकडं.

नवसू : जने, अशी नको जाऊ. भाऊबीज हाय आज. कवा चुकली नाय आपली. आई गेली त्या सालीपण तू बिनगोडाचं ओवाळलंस मला. इथं बाहेर त्या बाकावर बसतो मी. रस्त्यावर तर रस्त्यावर. दिवा लाव आणि ओवाळ, मग कुठं जायचं तिथं जा.

ऋतिक : आत्या, ओवाळ ना ग. मी वारा अडवून उभा राहतो.

जनी : बस तू बाकावर. टोपी घाल, उघड्या डोक्यानं बसू नको. रितिक, ताट धर. वात पुढं कर जरा. हां, लागला दिवा. पुढं ये दादा. वाक. कुंकू लावते.

नवसू : लाव. लय बरं वाटलं बघ, जने. मला वाटलं आता तू तोंड पण बघणार नाय माझं.

जनी : भाऊ हायस. ओवाळणारच. पण कुंकवावर तांदूळ कुठला लावू, तेवढं तू सांग.